डेस्कटॉप आवरला तरी पुन्हा का भरतो?

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपवर इतके आयकॉन झालेत की मागचं चित्र दिसत नाही. दर काही महिन्यांनी बसून सगळं आवरलं, फोल्डर केले, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. फोल्डर कसे करावेत, नावं कशी द्यावीत, आणि सर्च हाताशी असताना हा खटाटोप करावाच कशाला? शिवाय जुन्या लॅपटॉपमधली एक हार्ड डिस्क पडून आहे, तिचं काय करायचं?

कार्यालयातले संगणक, सामायिक ड्राइव्ह आणि लोकांच्या न सापडणाऱ्या फायली हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यावरून सांगतो: तुमचं आवरणं चुकत नाहीये. डेस्कटॉपवर दोन निरनिराळी कामं एकत्र चालली आहेत आणि तुम्ही दर वेळी त्यातल्या एकाचाच बंदोबस्त करता.

एकदा एका सहकारी बाईंच्या शेजारी बसून त्यांच्या डेस्कटॉपवरच्या एकेका फाइलवर बोट ठेवत विचारत गेलो, "ही इथे का?" पहिल्या फाइलला उत्तर आलं, "उद्या पाठवायची आहे." दुसरीला, "साहेबांची सही बाकी आहे." तिसरीला, "यातला आकडा चुकीचा वाटतोय, बघायचंय." चौथीला, "ही ना… ही अशीच." त्यानंतरच्या बहुतेक सगळ्या 'अशाच' निघाल्या. कधीतरी त्यांचंही काही काम बाकी होतं, ते उरकलं, फाइल मात्र जागची हलली नाही. म्हणजे डेस्कटॉपवर फाइल ठेवली जाते ती बऱ्याचदा साठवायला नव्हे, विसरू नये म्हणून. ती आत फोल्डरात टाकली की कामच डोळ्याआड होईल अशी धास्ती असते, आणि ती धास्ती खरी असते.

हे निरीक्षण माझ्या पदरचं नाही. थॉमस मलोन या संशोधकाने १९८३ मध्ये कार्यालयातल्या माणसांची खरीखुरी लाकडी टेबलं पाहून हेच लिहून ठेवलं. काही कागद नाव घालून नीट लावलेले असतात, काहींचे नुसते गठ्ठे असतात, आणि ते गठ्ठे 'हे करायचं आहे' याची आठवण करून देण्याचं काम करत असतात. गंमत म्हणजे मलोन तेव्हा झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात होते, आणि पडद्यावर टेबल, कागद, फोल्डर अशी चित्रं दाखवणारा 'स्टार' हा संगणक झेरॉक्सनेच १९८१ मध्ये बाजारात आणला होता. टेबल पडद्यावर आलं, त्यासोबत गठ्ठेही आले.

तेव्हा आधी आठवणीची सोय दुसरीकडे लावा. ज्या कामाला तारीख आहे ते फोनच्या किंवा संगणकाच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या नोंदीत फाइलचं नाव लिहा. ज्याला तारीख नाही पण जे हातात आहे, त्यासाठी डेस्कटॉपवर 'चालू' नावाचा एकच फोल्डर ठेवा. रोज सकाळी तो उघडायचा. त्यातल्या फायली एका नजरेत मावल्या पाहिजेत, स्क्रोल करायची वेळ आली तर काहीतरी बाहेर काढायची वेळ झाली. एवढं झालं नाही तर खालचं सगळं वाचून पंधरा दिवसांपलीकडे काही टिकणार नाही.

डेस्कटॉप कोरा करकरीत हवा असा माझा आग्रह नाही. डाव्या कडेला आयकॉनची एक उभी रांग खुशाल असू द्या. कुणाला पडदा दाखवायचा असेल तर विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'व्ह्यू'मध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची खूण काढली की सगळं नजरेआड होतं, फायली जागच्या जागी राहतात. मॅकमध्ये २०१८ पासून 'स्टॅक्स' आहेत, ते आयकॉनांचे प्रकारवार गठ्ठे करून दाखवतात. दोन्ही म्हणजे पसाऱ्यावर टाकलेली चादर, तेवढ्यापुरती बरी.

आता प्रत्यक्ष आवरणं. एकेक फाइल उघडून 'ही कुठे घालू' असा विचार करत बसू नका, तासाभरात कंटाळून सोडून द्याल. त्यापेक्षा 'डॉक्युमेंट्स'मध्ये आजच्या तारखेचा एक फोल्डर करा आणि डेस्कटॉपवरचं सगळं त्यात हलवा. मग पुढचे दोन-तीन महिने ज्या फाइलची गरज पडेल तेवढीच तिथून काढून योग्य जागी लावा. उरलेल्यांची गरजच नव्हती हे तेव्हा आपोआप कळतं. पथ्य एकच: पुढच्या आवराआवरीत हा फोल्डर नव्या फोल्डरच्या पोटात घालायचा नाही. 'जुनं'च्या आत 'जुना डेस्कटॉप', त्याच्या आत 'डेस्कटॉप बॅकअप', अशा सहा-सहा थरांच्या बाहुल्या मी लोकांच्या संगणकांवर नेहमी बघतो, आणि प्रत्येक थरात त्याच फायलींची आणखी एक प्रत असते.

हलवण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का. बाण असला तर तो शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइलचा नुसता पत्ता. तो डिलीट केला तरी फाइलला काही होत नाही. उलट बाजूने मात्र हा बाण लोकांना रडवतो. सादरीकरणाच्या आदल्या रात्री माणूस डेस्कटॉपवरून फाइल पेनड्राइव्हवर घेतो, दुसऱ्या दिवशी सभागृहातल्या संगणकावर ती उघडत नाही, कारण पेनड्राइव्हवर गेला होता फक्त शॉर्टकट. पेनड्राइव्हवर पोचलेल्या फाइलचा आकार एक-दोन केबी दिसत असेल तर तिथेच सावध व्हा.

दुसरी, ज्या फायली एकमेकींना जोडलेल्या आहेत त्या. एका एक्सेल फाइलमधले आकडे दुसरीतून येत असतील, किंवा व्हिडिओ संपादनाचा प्रकल्प शेजारच्या फोल्डरातल्या चित्रफिती वापरत असेल, तर एकट्या फाइलला हलवल्यावर ते दुवे तुटतात. असा संच जसाच्या तसा, आख्ख्या फोल्डरासकट हलवा आणि उघडून बघा. काही बिघडलं तर लगेच कंट्रोल-झेड दाबा, फाइल हलवणंसुद्धा त्याने मागे घेता येतं.

तिसरी, तुमचा डेस्कटॉप नक्की आहे कुठे. तो संगणकावरचा एक साधा फोल्डरच आहे, एरवी सी ड्राइव्हवर तुमच्या नावाखाली असतो. पण वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, फोल्डर बॅकअप चालू असेल तर तो वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो, आणि इथून डिलीट केलेली फाइल क्लाउडवरून आणि दुसऱ्या संगणकावरूनही जाते.

म्हणूनच मोठी साफसफाई करण्याआधी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं, त्यामुळे तुमची चूकही तो इमानेइतबारे दोन्हीकडे पोचवतो. क्लाउडच्या कचरापेटीतून फाइल परत मिळते, पण ठरावीक मुदतीतच. गूगल ड्राइव्हमध्ये ती मुदत ३० दिवसांची आहे. आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये साधारणपणे जातच नाही, ते थेट गेलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम घरच्या माणसालाही पुरतो.

फोल्डरांकडे येऊ. सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात निरुपयोगी रचना म्हणजे वर्डचा एक फोल्डर, एक्सेलचा एक, पीडीएफचा एक. फाइलचा प्रकार संगणकाला आपणहून कळतो, 'टाइप' या रकान्यावर क्लिक केलं की तो तसे गट करून दाखवतो. तुम्हाला मात्र कधीही 'एखादी पीडीएफ' नको असते. हवा असतो विम्याचा अर्ज, त्याची पावती आणि त्यावरचा पत्रव्यवहार, तिन्ही एकत्र. म्हणून फोल्डर कामाच्या नावाने करा. फाइल ठेवताना 'ही कसली आहे' असं न विचारता 'पुढच्या वेळी मला ही कशाच्या निमित्ताने लागेल' असं विचारा. भाडेकराराची स्कॅन प्रत घर बदलताना लागणार, मग ती 'घर'मध्ये. तीच कर भरताना लागणार असेल तर त्या वर्षाच्या कराच्या फोल्डरात तिचा शॉर्टकट ठेवा. दुसरी प्रत करू नका, नाहीतर एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी जुनीच राहते.

वरच्या पातळीवर सहा-सात फोल्डर पुरतात: घर, पैसे, आरोग्य, शिक्षण, नोकरी, फोटो, असं काहीसं. त्याखाली जे दरवर्षी येतं ते वर्षाप्रमाणे, आणि ज्याला सुरुवात-शेवट आहे ते कामाच्या नावाने. एखादं काम संपलं की त्याचा आख्खा फोल्डर 'संपलेली कामं'मध्ये हलवायचा, आत काही निवडत बसायचं नाही. फोल्डर आधीपासून करून ठेवू नका. एकाच विषयाच्या चार-पाच फायली जमल्या की मग करा. उत्साहात पहिल्याच दिवशी उभारलेली चाळीस रिकाम्या खोल्यांची इमारत महिन्याभरात ओस पडते. 'इतर' नावाचा फोल्डर मात्र मी करू देत नाही. तो केला की आळस तिथेच मुक्काम करतो.

फोल्डरात फोल्डर असे तीन पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नका, फार तर चार. यामागे सोयीखेरीज तांत्रिक कारणही आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसावा, ही जुनी मर्यादा आहे. विंडोज १० पासून ती सैल करता येते, पण ती गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम अजून बरेच आहेत. एरवी हे जाणवत नाही. जाणवतं ते बॅकअप घेताना, कारण बाहेरच्या डिस्कवर तुमचं फोल्डरांचं आख्खं झाड आणखी एका लांब नावाच्या फोल्डरात जातं, सगळ्यात खोलवरच्या फायलींचा पत्ता मर्यादेपलीकडे जातो आणि कॉपी मध्येच अडते.

नावांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण फोल्डर चुकला तरी नाव नीट असेल तर फाइल सापडते. मेलमधून दुसऱ्याकडे गेलेल्या फाइलसोबत तुमचा फोल्डर जात नाही, फक्त नाव जातं. 'स्कॅन ००४७' किंवा 'अर्ज नवीन' ही नावं पाठवणाऱ्याच्याच कामाची नाहीत, मग घेणाऱ्याची काय कथा! मी सुचवतो तो क्रम असा: तारीख, विषय, कागदाचा प्रकार. उदाहरणार्थ '२०२४-०३-१५_वाहनविमा_पावती'. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची. आयएसओ ८६०१ हे १९८८ चं आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं, आणि फायद्याचं कारण अगदी साधं आहे: नावाप्रमाणे लावलं की तारखेप्रमाणे आपोआप लागतं. '१५-०३-२०२४' लिहिलंत तर सगळ्या महिन्यांच्या आणि वर्षांच्या पंधरा तारखा एकत्र येऊन बसतील. तारीख कागदावरची घ्या, स्कॅन केल्याची नव्हे.

संगणक ठेवतो त्या तारखेवर का विसंबू नये, असं कुणीतरी हमखास विचारतं. तर फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की विंडोजमध्ये तिची 'क्रिएटेड' तारीख कॉपी केल्या दिवसाची होते, 'मॉडिफाइड' मात्र जुनीच राहते. त्यामुळे फाइल जन्माला येण्याआधीच बदलली गेली, असलं विनोदी चित्र प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. नावातली तारीख कुठेही नेली तरी तीच राहते.

क्रमांक द्यायचे असतील तर ०१, ०२ असे द्या. विंडोजचा एक्सप्लोरर, म्हणजे फायलींची यादी दाखवणारी खिडकी, २ नंतर १० आणण्याइतका शहाणा आहे, पण अनेक वेबसाइट आणि प्रोग्राम १ नंतर १०, ११ आणि मग २ असं लावतात. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरपी रेघ, तारका, दुहेरी अवतरण यांना विंडोज मनाई करतो. मॅकवर यातली काही चालतात, म्हणून तिथे ठेवलेल्या नावाची फाइल विंडोजवर नेताना अडकते.

देवनागरीत नावं द्यावीत का? घरच्या फायलींना जरूर द्या, मीही देतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. नावातले अंक मात्र इंग्रजी ठेवा (वरचं उदाहरण मी लेखाच्या ओघात देवनागरी अंकांत लिहिलंय). दोन्ही प्रकारचे अंक एकाच फोल्डरात मिसळले की काही प्रोग्राममध्ये त्यांचे दोन वेगळे गट पडतात. दुसरं म्हणजे लांबी. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेतं, म्हणजे फार तर ८५ चिन्हं. वेबच्या दुव्यात तर एकेका चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. म्हणून संकेतस्थळावर चढवायची फाइल असेल तर रोमन अक्षरांतलं छोटं, मोकळ्या जागा नसलेलं नाव द्या. आणखी एक बारीक खोच: 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, दोन प्रकारे साठतं, एकसंध किंवा 'र' अधिक नुक्ता (खालचं टिंब). डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधताना एखादा प्रोग्राम दुसऱ्या प्रकारचं नाव गाळतो. 'दुसऱ्या सत्राचे गुण' सापडत नसेल तर 'सत्रा' एवढंच टाकून शोधा.

नावं बदलण्याचं काम झरझर होतं. विंडोजमध्ये फाइल निवडून एफ-२ दाबा, नाव लिहा आणि एंटरऐवजी टॅब दाबा, कर्सर थेट पुढच्या फाइलच्या नावात जातो. पन्नास फायलींना नावं देणं चहा थंड व्हायच्या आत होतं. त्याच बैठकीत एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून फाइलची एक्स्टेंशनं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकार सांगणारी अक्षरं, दिसतील असं करून ठेवा. ती लपलेली असतात तेव्हा 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही घातक फाइल 'बिल.पीडीएफ' अशी साळसूद दिसते.

आवृत्त्यांबद्दल एकच सांगतो: नावात 'अंतिम' लिहू नका. 'आ०१', 'आ०२' असं लिहा, आणि जी प्रत खरोखर बाहेर गेली तिची पीडीएफ करून 'पाठवलेले' या फोल्डरात तारखेसह ठेवा. वाद होतो तो आपण काय लिहिलं होतं यावर नव्हे, आपण काय पाठवलं होतं यावर होतो. गूगल डॉक्स किंवा वनड्राइव्हवर काम करत असाल तर तिथे जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात, मग मधल्या प्रती ठेवायचीही गरज नाही.

सर्च पुरेसा नाही का? अर्धा पुरेसा आहे. मॅकमध्ये स्पॉटलाइट २००५ पासून आहे, विंडोजवर 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा प्रोग्राम टाकलात तर नावाची दोन अक्षरं लिहिताच यादी समोर येते. तरी ओफर बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की सर्च कितीही सुधारला तरी माणसं आपल्या फायलींकडे बहुतेक वेळा फोल्डरांतूनच जातात, आणि जागा आठवत नसेल तेव्हा सर्चकडे वळतात. मला यात नवल वाटत नाही. सर्चला शब्द आठवावा लागतो, फोल्डर समोर दिसला की आठवण आपोआप चाळवते. आणि सर्चच्याही मर्यादा आहेत. विंडोजचा सर्च मूळ सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप अशा मोजक्या जागांचीच सूची करतो, डी ड्राइव्हवरच्या फाइलच्या आतला मजकूर त्यात येत नाही. साध्या स्कॅन केलेल्या कागदात तर मजकूर नसतोच, ते चित्र असतं. त्याला शोधायला तुम्ही दिलेलं नाव एवढाच धागा.

डेस्कटॉप भरतो तो कुठून, हेही बघा. मॅकवर स्क्रीनशॉट मुळात डेस्कटॉपवरच पडतात. शिफ्ट-कमांड-५ दाबून 'ऑप्शन्स'मध्ये जागा बदलता येते. ब्राउझरमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा' ही सोय चालू करा. सुरुवातीला वैताग येतो, पण त्या एका प्रश्नामुळे फाइल येतानाच नाव आणि जागा घेऊन येते. 'डाउनलोड्स'मध्ये आधीपासून साठलेलं तारखेप्रमाणे लावा, प्रोग्रामच्या इन्स्टॉल फायली आणि नावापुढे कंसात १, २ असलेल्या प्रती आधी काढा. ज्या गोष्टी पुन्हा डाउनलोड करता येतात त्या जपायच्या नसतात. विंडोजचा 'स्टोरेज सेन्स' हे काम आपोआप करू शकतो, पण डाउनलोड्समध्येच महत्त्वाचे कागद राहू देण्याची सवय असेल तर त्याला डाउनलोड्सला हात लावू देऊ नका.

शेवटी ती जुनी हार्ड डिस्क. तिच्यातल्या फायली एकेक करून लावत बसू नका. आधी तिच्यातलं सगळं एकाच फोल्डरात, 'जुना लॅपटॉप' आणि वर्ष अशा नावाने, जसंच्या तसं उतरवून घ्या, कारण पडून राहिलेली डिस्कही बिघडते. त्यातले फोटो तेवढे फोटोंमध्ये मिसळा, तेही मूळ नावांनीच. काढल्याची तारीख बहुतेक फोटोंच्या आतच असते, नाव बदलायची गरज नाही. मग जुन्या प्रकारच्या दोन-चार फायली उघडून बघा: ज्या प्रोग्रामने केल्या तो आज नसेल, किंवा मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये असेल आणि तो फाँट नसल्यामुळे नुसती इंग्रजी अक्षरं दिसत असतील. अशा फायलींपैकी ज्या हव्यात त्यांची तो फाँट असलेल्या संगणकावर आत्ताच पीडीएफ करून घ्या आणि मूळ फाइलही शेजारी राहू द्या. बाकीचं तिथेच असू दे, लागेल तेव्हा सर्च करून काढता येईल. डिस्क मात्र उतरवून घेतल्याबरोबर पुसू नका. नव्या जागेवरच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार प्रॉपर्टीजमध्ये जुन्याशी ताडून बघा, आणि नव्या प्रतीचा बॅकअप झाल्यावरच तिला हात लावा.